रस्त्यावरचा बांध

आदिलाबादला मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नवरा कुठं असतो हेही विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी फाटकाकडं बोट केलं आणि म्हणाले, "बाई, तिथून इथपर्यंत चालून दाखवा."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी फाटकापाशी गेले आणि चालत परत आले.

"अठरा कदम," ते म्हणाले. "माह्ये तेरा होतात. पण पाय घासत नाई तुमी. खोली तुमची."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "त्यायच्याकडं लक्ष नका देऊ, बाई. मागच्या भाडेकऱ्याले चपला घासते म्हणून काढलं यायनं. मोजताना घोळ होते म्हणे."

त्या दोघांना मी काका आणि काकू म्हणू लागले. गल्लीत मात्र सगळे त्यांना 'जरीबवाले' म्हणत. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. मोजणीच्या कचेरीत तीसेक वर्षं ती साखळी खांद्यावर टाकून काका जिल्हाभर हिंडले होते. सर्व्हेअरसाहेब झाडाखाली नकाशा घेऊन बसायचे आणि काका काट्याकुट्यांतून साखळीचं टोक ओढत न्यायचे. नोकरी संपली, पण मोजणं संपलं नाही. पोस्ट, भाजीबाजार, माझी शाळा, प्रत्येक ठिकाणचे कदम त्यांना तोंडपाठ होते. "शाळा जवळ पडते हो इथून," असं मी एकदा म्हणाले, तर ते दुखावल्यासारखे झाले.

"जवळ म्हणजे काय, बाई? तुमी शिकलेल्या हाये. आकडा सांगत जा."

भाकरीसुद्धा सुटत नसे. ताट पुढ्यात आलं की ते बोटं टेकवून बघत आणि म्हणत, "आज दीड बोट लहान हाये. काय झालं?" आणि खरंच काही तरी झालेलं असायचं. काकू रागावल्या की त्यांचा हात आखडायचा, आणि तो राग काकांना तोंडावर नाही, भाकरीवर कळायचा. काकू म्हणत, "पंचेचाळीस वर्षं झाली. या माणसाले माहा चेहरा वाचता येत नाई."

आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होतं. कचेरीतला कागद तेलुगूत, कचेरीतलं बोलणं उर्दूत, आणि कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर मराठी. मी मराठी शाळेत शिकवायचे. हे बेज्जूरकडं जंगलातल्या एका गावात मास्तर होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. त्यामुळं काका-काकू हीच माझी रोजची माणसं होती.

काकांबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. काका एकदा सहज बोलून गेले, "साऱ्या जिल्ह्याची जमीन माह्या हातून मोजल्या गेली, बाई. त्यात आपली कुठीच नोती." मग निवृत्तीच्या आधी त्यांनी या गल्लीत एवढुसा तुकडा घेतला आणि त्यावर तीन खोल्या बांधल्या. त्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी दगड रोवले होते. दर दिवाळीला ते दगड ते चुन्यानं रंगवायचे. भिंतीला रंग नसला तरी चाले.

आमची गल्ली तशी साधी. दोन्ही बाजूंना ओटे, मधे कच्चापक्का रस्ता, एका टोकाला लिंब. पाण्याचा सार्वजनिक नळ समोरच्या बाजूला, आणि जास्त घरं आमच्या बाजूला. म्हणजे दिवसातून दहादा बायांना हंडा घेऊन रस्ता ओलांडावा लागायचा. तेव्हा त्यात काही विशेष वाटत नसे. रस्त्यावरून येऊन येऊन येणार काय, तर सायकली, बैलगाडी, फार तर एखादी ऑटो.

त्या वर्षी पुलाच्या कामासाठी मोठा रस्ता खणला आणि कापसाच्या लाऱ्या आमच्या गल्लीतून मार्केट यार्डाकडं जायला लागल्या. हंगामाचे दिवस. कापूस इतका भरलेला असायचा की दोन्ही बाजूंनी पोटं बाहेर आलेली, आणि लिंबाच्या फांद्यांना पांढरे पुंजके लटकलेले. पूल झाला, मोठा रस्ता सुरू झाला, तरी लाऱ्या यायच्या थांबल्या नाहीत. ड्रायव्हरांना वाट सापडली होती. कमी वळणं, पोलीस नाही, सुसाट जायचं.

पहिल्यांदा एक बकरी गेली. मग एक दिवस शेजारची अव्वा सापडली. ही तेलुगू म्हातारी, एकटी राहायची, सगळ्या गल्लीच्या लेकरांना शेंगदाणे द्यायची. भरला हंडा घेऊन रस्ता ओलांडताना लारी आली, अव्वा मागं सरकायला गेली आणि पडली. लारी तिला लागलीही नाही, थांबलीही नाही. अव्वाचा मनगटापासून हात मोडला. हंडा चेपून चपटा झालेला. काकांनी तो उचलून आणला आणि बराच वेळ ओट्यावर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घड्याळ घेऊन लिंबाखाली उभे राहिले. लिंबापासून विजेच्या खांबापर्यंतचे कदम त्यांना ठाऊक होतेच. आता लारीला तेवढ्याला किती वेळ लागतो ते त्यांनी टिपायला सुरुवात केली. आठ दिवस टिपलं. मग वही माझ्यापुढं टाकून म्हणाले, "दरख्वास्त लिवा, बाई. तेलुगूत. मराठीतली वाचत नाई ते लोक."

मी लिहिली. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली की आकडे सगळे आले आहेत. नगरपालिकेत ती दिली. त्यानंतर दर सोमवारी ते जात आणि दर सोमवारी तिथला कारकून सांगे की मिसल चालू आहे. मिसल म्हणजे फाइल.

एका सोमवारी ते परत आले आणि फाटकाशीच थांबून मला म्हणाले, "मिसल हळू चालून राह्यली अन् लारी जोरात पळून राह्यली. हे उलटं पाह्यजे होतं का नाई?"

मग त्यांनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकतं. त्यांनी माळ्यावरून जुनी जरीब काढली. कचेरीतून आणलेल्या दोन काठ्या होत्या, टोकाला लाल फडकं असलेल्या. लाऱ्यांच्या वेळेला ते रस्त्यात उतरत, या काठापासून त्या काठापर्यंत साखळी अंथरत, दोन्हीकडं काठ्या रोवत आणि मधे उकिडवे बसून वहीत लिहीत. हळूहळू. चष्मा पुसून. लारी यायची आणि थांबायची. माणूस आडवा आला तर ड्रायव्हर शिव्या देतो, पण मोजणी चालू असली तर देत नाही. सरकारी काम असेल असं वाटतं.

एक ड्रायव्हर खाली उतरून विचारता झाला, "चाचा, क्या नाप रहे?"

"सबर नाप रऊं," काका मान वर न करता म्हणाले.

तो हसला आणि परत जाऊन बसला. मी ओट्यावरून पाहत होते. मलाही हसू आवरलं नाही.

पण चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर अर्धी गल्ली जमली. कुणाच्या हातात घराचा पट्टा, कुणाच्या हातात जुनी पावती. रस्ता रुंद होणार, घरं पाडणार, जरीबवाल्यांना कचेरीतून परत बोलावलं आहे, अशी बातमी पसरली होती. अव्वासुद्धा गळ्यात हात बांधलेली येऊन बसली होती. काका घाबरे झाले. प्रत्येकाला हात जोडून सांगत सुटले, "कोणाचं घर नाई जात बाप्पा. एक बोटभर नाई जात." लोकांचा विश्वास बसायला दोन तास लागले. काकूंनी तेवढ्यात तीनदा चहा केला. लोक गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता ते साखळी माळ्यावर टाका. नाईतर मी विहिरीत टाकते."

त्या संध्याकाळीच, लोक उठायच्या आधी, रस्त्यात स्पीड ब्रेकर बांधायचं ठरलं होतं. सगळे त्याला ब्रेकर म्हणत होते, काका बांध म्हणत. शेतात जसा बांध, तसा रस्त्यात बांध. रविवारी गल्लीतले सहा-सात पुरुष लागले. कुणी गिट्टी आणली, कुणाच्या घराच्या कामातलं सिमेंट उरलं होतं. काकांनी माप ठरवलं. उंची एक वीत. रुंदी जेमतेम हातभर.

मला तेव्हा आठवा महिना लागत होता. मी खुर्ची टाकून बघत बसले होते. म्हणाले, "काका, जरा जास्त उंच नाही होत का?"

"लारीचं चाक कमरेएवढं असते, बाई. कमी ठेवला तर त्याले समजणारच नाई."

त्यांनी आठ दिवस लाऱ्या मोजल्या होत्या. लारीशिवाय दुसरं काही त्यांना दिसतच नव्हतं. आणि बांध लागू पडला हेही खरं. पहिली लारी आली ती धाडकन आपटली, वरचे दोन गठ्ठे सुटून खाली आले. दुसऱ्या दिवसापासून लाऱ्या लिंबाशीच रांगायला लागल्या. कितीतरी आठवड्यांनी गल्लीत ओट्यांवर बाया ज्वारी निवडायला बसल्या. काका संध्याकाळी खुर्ची टाकून बांधाकडं बघत बसायचे. पोरगी सासरी सुखात असल्याचं पत्र आलेल्या बापासारखे दिसायचे ते. सायकलवाले उतरून सायकल ढकलत नेत आणि कुरकुरत. काका म्हणत, "उतरले तर काय झालं? पाय हाये ना?"

माझं पोट दुखू लागलं ते एका मंगळवारी सकाळी, शाळेला निघायच्या वेळी. अजून तीनेक आठवडे बाकी होते. मी फाटकाला धरून उभी राहिले आणि काकूंना हाक मारली. काकूंनी एकदा बघितलं आणि काकांना सांगितलं, "मस्तानले बोलवा."

मस्तान हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो लावणारा. शांत मुलगा, पण मला त्या अवस्थेत बघून बावरला. काकूंनी मला आत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. माझा हात त्यांच्या मांडीवर. काका पुढं पळत गेले. बांधापाशी उभे राहून दोन्ही हात हलवत होते, "हळू! मस्तान, हळू!" मस्ताननं वेग कमी केला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ऑटोचं पुढचं चाक ते केवढं! ते वर चढलं, क्षणभर सगळी ऑटो नाक वर करून थांबली, आणि मग खाली आदळली. मागची चाकं आदळली तेव्हा मी सीटवरून उडाले. आत काही तरी तुटल्यासारखं झालं आणि माझी साडी ओली झाली. हात लावून बघितलं तर बोटांना रक्त.

काकू ओरडल्या. मी मागं वळून पाहिलं. काका बांधावरच उभे होते. हात तसेच वर राहिले होते.

सरकारी दवाखान्यात पुढं काय झालं ते मला तुकड्यांत आठवतं. डॉक्टरीणबाई तेलुगूत भराभरा बोलत होत्या. काकूंना बाहेर काढलं. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. अंगानं लहान, आणि सुरुवातीला रडलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटं धरलं, पाठीवर मारलं, पुन्हा मारलं. मी छताकडं बघत होते. छताला पालीसारखा चिकटलेला एक जुना पंखा होता. मग ती रडली. बारीक, चिडलेला आवाज. इतकं सुंदर चिडणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

बाहेर काय झालं ते काकूंनी मला मागाहून सांगितलं. काका पायीच आले होते. ऑटो, रिक्षा काही न करता, दवाखान्यापर्यंत पळतच. दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. तेवढ्यात नर्स बाहेर आली आणि हसत म्हणाली, "पाप! पाप!" तेलुगूत पाप म्हणजे लहान मुलगी. काकांनी तीस वर्षं तेलुगू साहेबांबरोबर काढली होती, त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी ते त्यांना मराठीतच ऐकू आलं. ते मटकन खाली बसले. काकूंनी हलवून सांगितलं, "अहो, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत." तरी ते उठेनात.

त्यांनी आत येऊन बाळ बघितलं नाही. मी आठ दिवस तिथं होते. काकू रोज डबा आणायच्या, काका दाराबाहेर उभे राहायचे. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्या धक्क्यामुळंच झालं का? त्या म्हणाल्या, कळा तर आधीच सुरू होत्या. पाण्याची पिशवी धक्क्यानं फुटली की आपोआप फुटली असती, हे कुणीच सांगू शकणार नाही. मी काकूंजवळ हाच निरोप पाठवला. काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सांगितलं त्यायले. ते म्हणते, मले सांगता येते."

"आणखी काय म्हणाले?"

"काईच नाई. परवापासून काईच मोजत नाई, माय. ताट ठेवलं का खाली पाहून जेवते." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं ज्याचा त्रास झाला, ते थांबल्यावर त्यांचा जीव घाबरला होता.

बेज्जूरहून हे आले, माझी आई तामसीकडच्या गावाहून आली आणि दवाखान्यातून मी परस्पर माहेरी गेले. मुलीचं नामकरण तिथंच झालं. विहारात गावातली माणसं जमली, सुत्तपठण झालं. काकू बसनं आल्या. काका आले नाहीत. जेवणं झाल्यावर काकू माझ्या बाजेपाशी बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

मला माहेरी पोचवलं त्याच सकाळी काकांनी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि बांध फोडायला सुरुवात केली. एकट्यानं. सत्तरीला आलेला माणूस. घाव ऐकून गल्ली बाहेर आली. ज्यांनी रविवारभर राबून तो बांधला होता, ते चिडले. एकानं सब्बलच धरली. "काका, डोकं फिरलं का? उद्यापासून पुन्हा लाऱ्या सुरू होतील." अव्वा ओट्यावरून म्हणाली, "लारी मळ्ळी वस्तुंदि," लारी पुन्हा येईल, आणि आपला गळ्यातला हात दाखवला. तिचा हात अजून जुळला नव्हता.

काकांनी तिच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "बांध पाह्यजे, अव्वा. चूक नाई पाह्यजे. हा बांध माह्या चुकीचा हाये. मी लारी मोजली. बाई नाई मोजली."

त्यांनी सब्बल सोडवून घेतली आणि फोडत राहिले. थोड्या वेळानं सब्बल धरणारा माणूस घरी गेला आणि आपली कुदळ घेऊन परत आला.

नवा बांध तयार होईपर्यंत आठ-दहा दिवस लागले. ते सगळे दिवस काका लाल फडक्याची काठी घेऊन लिंबाखाली उभे होते. उन्हात, दिवस मावळेपर्यंत. लारी दिसली की काठी वर. साखळी नाही, वही नाही, नुसती काठी. काकू म्हणाल्या, "म्या म्हटलं, मरान एखाद्या लारीखाली. तर म्हणते, मोजणी होईपर्यंत नाई मरत."

म्हणजे ते पुन्हा मोजायला लागले होते. हे सांगताना काकूंचा चेहरा उजळला.

या वेळी त्यांनी मस्तानची ऑटो मोजली. सायकल मोजली, शाळेची हातरिक्षा मोजली, अव्वाचा चालण्याचा कदम मोजला. नवा बांध पाच बोटं उंच आणि आठ हात रुंद केला. चढ इतका मंद की उभं राहून बघितलं तर रस्ता नुसता श्वास घेतल्यासारखा दिसे. लोक म्हणाले, याला कोण भिणार? काकांनी नळावरून हंडा काठोकाठ भरला, मस्तानच्या ऑटोच्या सीटवर ठेवला आणि म्हणाले, "आहिस्ता." मस्ताननं हळू नेली. एक थेंब सांडला. काकांनी उतार पुन्हा तासला. पुन्हा हंडा. असं तीन दिवस चाललं. शेवटी हळू नेल्यावर थेंब सांडेना, आणि जोरात नेली की मस्तान मानेपासून ओला. मस्तान म्हणायचा, "चाचा, मैं तो नहा लिया, अब तुम बैठो." पण तोही रोज येत होता. त्यालाही त्या मंगळवारपासून झोप लागत नव्हती.

नेमकं त्याच वेळी नगरपालिकेचे इंजिनियर जीप घेऊन आले. जुन्या दरख्वास्तीमुळं नाही. कुणी तरी तक्रार केली होती की रस्त्यात बेकायदा ब्रेकर बांधला आहे. तो काढायला दोन मजूर बरोबर होते. तरुण तेलुगू माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"एमिटि इदि, पेद्दायना?" हे काय आहे, बाबा, असं त्यानं विचारलं.

काकांनी त्याला ऑटोत बसायला सांगितलं. का, ते त्याला कळलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा मान राखून तो बसला. काकांनी भरलेला हंडा त्याच्या मांडीवर दिला. गल्ली श्वास रोखून उभी. मस्ताननं ऑटो हळू काढली, बांधावरून नेली, परत आणली. शर्ट कोरडा.

"आता लारीसारखं," काका मस्तानला म्हणाले.

मस्ताननं ॲक्सिलरेटर पिळला. इंजिनियर हंडा सांभाळत उडी मारून खाली आला, "वद्दु! वद्दु!" नको, नको! सगळी गल्ली हसली, अव्वासुद्धा. मग तोही हसला. त्यानं खाली बसून उतार बघितला, स्वतःची पट्टी काढून मापं घेतली आणि काकांना विचारलं की हे माप तुम्हाला कुणी सांगितलं.

"चुकीनं सांगितलं, साहेब," काका म्हणाले.

मजूर आले तसे परत गेले. दोनेक महिन्यांनी नगरपालिकेचीच माणसं आली आणि त्याच मापावर डांबर टाकून पांढरे पट्टे ओढून गेली. पुढं त्याच मापाचे आणखी दोन ब्रेकर गावात झाले असं ऐकलं, पण ते मी पाहिले नाहीत. चार वर्षांनी यांच्या बदलीमुळं आम्ही ती गल्ली सोडली. काका त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटपर्यंत त्यांनी माझी माफी मागितली नाही, मीही कधी तिची वाट बघितली नाही. त्यांच्याजवळ ते शब्द नव्हते. त्यांनी आठ हात रुंद आणि पाच बोटं उंच काही तरी केलं होतं, ते मला पुरेसं होतं.

पण मी माहेराहून परत आले तो दिवस सांगायचा राहिला.

सव्वा महिना झाल्यावर मी बाळाला घेऊन बसनं आदिलाबादला उतरले. आई बरोबर होती. बसस्टँडबाहेर मस्तान उभाच होता. काकूंनी पाठवलं होतं. खरं सांगायचं तर मला त्याच्या ऑटोत चढायचं नव्हतं. मी बाळाला छातीशी घट्ट धरलं. काकूंनी एवढं सांगितलं होतं, हंडा, थेंब, इंजिनियर, सगळं ऐकलं होतं. तरी अंगाला ते पटत नव्हतं. अंगाला तो मंगळवारच आठवत होता. आई काहीतरी बोलत होती, मी हूं हूं करत होते. दात आवळून धक्क्याची वाट बघत होते.

ऑटो थांबली. मी दचकले. "काय झालं?"

"घर आया, मॅडम," मस्तान म्हणाला.

बाहेर पाहिलं तर आमचं फाटक. ओट्यावर काकू, शेजारी अव्वा, आणि फाटकाला धरून काका. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या हातातल्या दुपट्याकडं बघत होते. बाळ झोपलेलं होतं, तोंड अर्धवट उघडं.

"लागला का, बाई?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला पुन्हा विचारावं लागलं.

"काय, काका?"

"बांध."

मी मागं वळून पाहिलं. लिंब मागं राहिला होता, बांध मागं राहिला होता.

"आपण ओलांडला?" मी म्हणाले.

काकांनी फाटक सोडलं. बाहीनं चेहरा पुसला, धोतराला हात पुसले, आधी एक, मग दुसरा. मग दोन्ही हात पुढं करून म्हणाले, "आता द्या तिले माह्यापाशी."